वीस वर्षांची कैद आणि दोन मिनिटांची शिक्षा

लहान मुलांच्या कार्टूनवर चळवळीच्या दैनिकाने स्तंभ खर्ची घालावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे तुंबलेले, शिष्यवृत्त्या रखडलेल्या, सफाई कामगार गटारात गुदमरून मरताहेत. अशा वेळी हे काय मध्येच, असे ते विचारतील. त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे, पण अर्धेच. गोष्ट ही किरकोळ चीज असती तर या देशात गोष्ट सांगण्याचा मक्ता एका वर्गाने हजारो वर्षे मुठीत घट्ट धरून ठेवला नसता. एकलव्याचा अंगठा एकदाच कापला गेला. पण तो त्याने आनंदाने कापून दिला, हे मात्र पिढ्यान् पिढ्या आमच्याच मुलांच्या तोंडून वदवून घेतले गेले. शंबुकाचे डोके उडविणाऱ्याला मर्यादापुरुषोत्तम म्हणावयाची सवय समाजाला लागली ती तलवारीच्या धाकाने नव्हे, गोष्टीनेच लागली. मग आमची मुले आज जी गोष्ट तासन् तास डोळे लावून पाहतात, तिच्यात अन्याय कोणावर होतो, तो कोण दूर करतो आणि शेवटी हिशेब कसा मिटविला जातो, हे तपासणे चळवळीचे काम नाही काय?

तपासणीसाठी आम्ही मुद्दामच एक चांगली मालिका घेतली आहे. वाईट मालिकेची चिरफाड करणे सोपे असते आणि त्यातून शिकावयास काही मिळत नाही. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकेतील निकलोडियन वाहिनीची अ‍ॅनिमेशन मालिका २१ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झाली आणि १९ जुलै २००८ रोजी संपली. एकूण ६१ भाग. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीत्झ्को हे तिचे जनक. जल, पृथ्वी आणि अग्नी अशा तीन खंडांत ती विभागलेली आहे. मुलांसाठी काढलेली, पण मोठ्यांनीही उचलून धरलेली अशी तिची ख्याती आहे, आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे.

‘अवतार’ हा शब्द ऐकताच आमच्या वाचकांचे कान टवकारले जातील. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हे बावीस प्रतिज्ञांत आम्ही जाहीरपणे म्हटलेले आहे. मालिकेतला अवतार विष्णूचा नाही, एवढे आधीच सांगून टाकतो. त्या जगात चार लोकसमूह आहेत : जलजमाती, पृथ्वीराज्य, अग्निराष्ट्र आणि वायुभिक्षू. प्रत्येकातील काही माणसे जन्मतःच आपापले तत्त्व, म्हणजे पाणी, माती, अग्नी किंवा वारा, हाताच्या हालचालीने वळवू शकतात. त्यांना बेंडर म्हणतात. चारही तत्त्वे ज्या एकालाच वळविता येतात तो अवतार. तो मेला की दुसऱ्या समूहात जन्मतो. हा अवतार, आंग नावाचा बारा वर्षांचा वायुभिक्षू, जबाबदारीच्या ओझ्याने मठातून पळून जातो, वादळात सापडतो आणि शंभर वर्षे हिमखंडात गोठून पडतो. बाहेर येतो तेव्हा अग्निराष्ट्राने जगावर लादलेल्या युद्धाला शंभर वर्षे होत आली आहेत आणि त्याचे सर्व लोक मारले गेले आहेत.

तारणहार आहे, पण तो पळालेला आहे. इथेच मालिकेच्या सामर्थ्याची पहिली खूण दिसते. वायुभिक्षूंचे मठ, त्यांची वस्त्रे, मुंडण हे सरळसरळ तिबेटी बौद्ध भिक्षूंवरून घेतलेले आहे. तिसऱ्याच भागात आंग आपल्या जुन्या मठात परत येतो. मठ ओस पडला आहे. तो आपल्या गुरूला, भिक्षू ग्यात्सोला, शोधत फिरतो आणि त्याला सापडतो तो ग्यात्सोचा सांगाडा. मुलांच्या मालिकेत नरसंहार दाखवायचा तर निर्माते एरवी नजर चुकवतात. ‘ते सगळे दूर निघून गेले’ असे काहीतरी गुळमुळीत सांगतात. इथे सांगाडा समोर ठेवला आहे. त्याच्या भोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांची हाडे आणि चिलखते पडली आहेत. म्हणजे तो शांत, विनोदी म्हातारा भिक्षू मरण्यापूर्वी लढला होता. मालिका त्याविषयी एक शब्द बोलत नाही. चित्र दाखवते आणि पुढे जाते. हे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्हाला पुढे त्याची साक्ष काढावयाची आहे.

तिसऱ्या खंडात ‘द हेडबँड’ नावाचा एक भाग आहे. आंग वेश बदलून अग्निराष्ट्राच्या शाळेत जाऊन बसतो. तिथल्या इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेले असते की, अग्निसम्राटाने वायुराष्ट्राच्या सैन्याचा पराभव केला. आंग उठून सांगतो, वायुभिक्षूंना सैन्यच नव्हते. शिक्षिका त्याला गप्प बसविते. पुस्तक त्या मुलापेक्षा जास्त जाणते, असा तिचा सूर. ज्यांची कत्तल झाली त्यांचा शेवटचा माणूस वर्गात बसला आहे आणि त्याला त्याचाच इतिहास चुकीचा शिकविला जात आहे! भीमा-कोरेगावचा इतिहास ज्यांच्या शाळेच्या पुस्तकात कधी आलाच नाही, त्या पिढीला या प्रसंगाची टीप निराळी द्यावयास नको. विशेष म्हणजे हा भाग रडका नाही. शेवटी मुले एका गुहेत जमून नाचतात, कारण त्या शाळेत नाचायला बंदी आहे. लेखकांनी राग आणि गंमत एकाच ताटात वाढली आहे, आणि दोन्हींची चव बिघडलेली नाही.

याहून मोठे कसब बा सिंग से या शहराच्या चित्रणात आहे. पृथ्वीराज्याची ही राजधानी अग्निराष्ट्राला शंभर वर्षांत जिंकता आलेली नाही. साधा लेखक या शहराला स्वातंत्र्याचे तीर्थक्षेत्र करून टाकता. पण या शहराच्या आत तटबंद्या आहेत. खालच्या वर्तुळात निर्वासित आणि गरीब, मधल्यात व्यापारी आणि शिक्षित, वरच्यात सरदार आणि राजा. भिंती बाहेरच्या शत्रूसाठी नाहीत, आतल्या माणसांना आपापल्या जागी ठेवण्यासाठी आहेत. दाई ली नावाची गुप्त पोलीस यंत्रणा शहरात युद्धाचा उच्चारही होऊ देत नाही. बोलणाऱ्याला उचलून तळ्याखालच्या तुरुंगात नेते आणि त्याचा मेंदू धुऊन, हसतमुख करून परत पाठविते. राजाला तर जगात युद्ध सुरू आहे हेच ठाऊक नाही! शोषकाच्या विरोधात असलेले राज्य स्वतःही शोषक असू शकते, ही गोष्ट मालिका मुलांना सांगते, आणि तेही व्याख्यान न देता. साम्राज्याशी लढणाऱ्यांना गावकुसाचा प्रश्न विचारायचा नाही, तो स्वातंत्र्यानंतर पाहू, असे ज्यांना एकेकाळी ऐकविले गेले, त्यांना हे शहर ओळखीचे वाटेल. आणि ते शहर पडते कसे? बाहेरून तट फोडून नव्हे. शत्रूची राजकन्या अझुला आत शिरते, हीच दाई ली आपल्याकडे वळविते आणि एका रात्रीत राज्य घेते.

आता झुको. मालिकेची सर्वात भक्कम बाजू कोणती, असे कोणी विचारले तर आमचे बोट या पात्राकडे जाईल. अग्निराष्ट्राचा हा राजपुत्र पहिले अकरा भाग निव्वळ खलनायक आहे : आंगच्या पाठीमागे लागलेला, तापट, चेहऱ्यावर भाजल्याचा भला मोठा व्रण असलेला. बाराव्या भागात त्या व्रणाची हकीकत कळते. तेरा वर्षांचा असताना तो युद्धमंडळाच्या बैठकीत बसला होता. नव्या कोवळ्या सैनिकांची तुकडी मुद्दाम बळी देण्याची एका सेनापतीची योजना होती. पोराने उठून विरोध केला. शिक्षा म्हणून द्वंद्व ठरले, आणि समोर उभा राहिला तो सेनापती नव्हे, तर बाप. मुलाने गुडघे टेकले, लढायला नकार दिला. बापाने त्याचा चेहरा जाळला आणि अवताराला पकडून आणल्याशिवाय परत येऊ नकोस म्हणून हाकलून दिले.

असा माणूस बदलतो, ही गोष्ट कोणीही लिहील. तो कसा बदलतो, हे पाहण्यासारखे आहे. आमच्या चळवळीला ‘हृदयपरिवर्तन’ या शब्दाचे वावडे आहे, आणि त्याला कारण आहे. सवर्णांचे हृदय बदलेपर्यंत अस्पृश्यांनी धीर धरावा, हा उपदेश आम्ही पुष्कळ ऐकला. त्या उपदेशात हृदय बदलणाऱ्याला काही गमवावे लागत नसे. झुकोचे मन उपदेशाने बदलत नाही. काका आयरो त्याला जन्मभर शहाणपण सांगत असतो, ते पालथ्या घड्यावर पाणी ठरते. तो बदलतो तो सत्ता गेल्यावर, पोटात भूक घेऊन पृथ्वीराज्याच्या खेड्यांतून भटकताना, बा सिंग सेच्या खालच्या वर्तुळात चहाचे कप उचलताना. ‘झुको अलोन’ या भागात तो एका शेतकरी कुटुंबाला गुंड सैनिकांपासून वाचवितो. पण स्वतःचे खरे नाव सांगताच तेच गाव त्याच्याकडे पाठ फिरवते, आणि ज्या पोराला त्याने वाचविले तेच पोर त्याचा तिरस्कार करते. गाव चुकले असे मालिका म्हणत नाही. ज्यांची मुले तुमच्या युद्धात गेली त्यांनी तुमच्या एका सत्कृत्यावर विरघळून जावे, ही अपेक्षाच उर्मटपणाची आहे.

एवढे होऊनही दुसऱ्या खंडाच्या शेवटी, नेमका बदलण्याचा क्षण येतो तेव्हा झुको पुन्हा बहिणीच्या बाजूला जातो आणि काकाला दगा देतो. घरी त्याचे स्वागत होते, बाप मान देतो, सगळे मिळते. आणि मग, सगळे मिळाल्यावर, तो ते सोडतो. आमचे राष्ट्र आपली भरभराट जगाला वाटत आहे असे आम्हाला लहानपणापासून शिकविले, ते धादांत खोटे होते, हे तो बापाच्या तोंडावर सांगतो. इंग्रजांचे ‘सुधारणे’चे ओझे असो वा धर्ममार्तंडांचे ‘लोककल्याण’, लुटारूची भाषा सगळीकडे एकच असते. आंगच्या गटात गेल्यावरही त्याला कोणी ओवाळत नाही. काटारा, जिची आई अग्निराष्ट्राच्या हल्ल्यात मारली गेली, त्याला सरळ बजावते की, एक पाऊल चुकलास तर गाठ माझ्याशी आहे. क्षमा मिळविण्यासाठी त्याला काम करावे लागते.

त्याच काटाराचा ‘द सदर्न रेडर्स’ हा भाग आम्हाला सबंध मालिकेत सरस वाटतो. आईचा मारेकरी सापडतो. आंग क्षमा कर म्हणतो. ती त्या म्हाताऱ्या, भेकड झालेल्या सैनिकापुढे उभी राहते, पावसाचे पाणी बर्फाच्या सुऱ्यांसारखे त्याच्यावर रोखते आणि थांबते. मारत नाही. पण क्षमाही करीत नाही, आणि तसे स्वच्छ सांगते. पीडिताने क्षमा केलीच पाहिजे, नाहीतर तो सूडबुद्धीचा, ही सक्ती समाज आमच्यावर किती काळ करीत आला आहे! एका कार्टूनमधली चौदा वर्षांची मुलगी ती सक्ती झुगारते, याचे आम्हाला मनापासून कौतुक आहे.

मात्र आयरोच्या बाबतीत लेखकांनी पक्षपात केला आहे. हा प्रेमळ, चहाबाज म्हातारा सगळ्यांचा लाडका. पण हाच एकेकाळी अग्निराष्ट्राचा सेनापती होता आणि त्याने बा सिंग सेला ६०० दिवस वेढा घातला होता. स्वतःचा मुलगा त्या वेढ्यात मेला तेव्हा तो मागे फिरला. त्या मुलासाठी तो रडतो तो प्रसंग कोणाच्याही डोळ्यांत पाणी आणील. पण त्या वेढ्यात शहराचीही मुले मेली असतील ना? पुढे तो त्याच शहरात चहाचे दुकान थाटतो आणि एकही नागरिक त्याला विचारीत नाही की, म्हातारबाबा, त्या ६०० दिवसांत तुम्ही कुठे होता? झुकोला जो हिशेब द्यावा लागला तो काकाला माफ. का? तर तो गोड आहे म्हणून. न्यायालयातही आम्ही हे पाहिले आहे. आरोपी सुसंस्कृत दिसला, पिकल्या केसांचा असला, की गुन्ह्याचे वजन आपोआप घटते.

‘द ग्रेट डिव्हाइड’ हा पहिल्या खंडातील अकरावा भाग. मालिकेच्या चाहत्यांमध्ये हा सर्वात टाकाऊ भाग म्हणून बदनाम आहे. कंटाळवाणा, मूळ कथेशी संबंध नसलेला, असे ते म्हणतात. आमची हरकत निराळी आहे. दोन जमाती एक खोल दरी ओलांडण्यासाठी आल्या आहेत. एक गान जिन : शुभ्र कपडे, नीटनेटके, शिस्तीचे. दुसरी झांग : मळकट, रांगडी, मोठ्याने बोलणारी. चिनी भाषेत ‘स्वच्छ’ आणि ‘घाणेरडा’ या अर्थाच्या शब्दांशी ही नावे उच्चाराने जुळतात. ‘स्वच्छ’ आणि ‘घाणेरडे’ एका वाटेने जायला तयार नाहीत! शंभर वर्षांचे भांडण आहे. गान जिन म्हणतात, झांगांच्या वेई जिन नावाच्या पूर्वजाने आमच्या जिन वेईवर हल्ला करून पवित्र गोळा चोरला. झांग म्हणतात, आमच्या माणसाने उलट वाटेत पडलेल्या जिन वेईला मदत केली, त्याच्याच सांगण्यावरून गोळा पोहोचवायला गेला, आणि त्याला चोर ठरवून वीस वर्षे तुरुंगात डांबले.

वाचकहो, हा दिवाणी भांडणाचा मामला नाही. ‘घाणेरड्या’ जमातीच्या एका माणसाला मदतीच्या बदल्यात वीस वर्षे कैद, असा सरळ आरोप आहे. खरा की खोटा? हे शोधण्यात गोष्ट होती. आणि आंग काय करतो? तो सांगतो, मी शंभर वर्षांपूर्वी तिथे होतो, मी पाहिले आहे. ते दोघे आठ वर्षांचे जुळे भाऊ होते, चेंडूचा खेळ खेळत होते, आणि नियम मोडला म्हणून एकाला बाहेर बसविले ते वीस वर्षे नव्हे, दोन मिनिटे. दोन्ही जमाती खूश होतात, गळ्यात गळे घालतात. मग आंग मित्रांना हळूच सांगतो की, हे सगळे मी रचून सांगितले. सोक्का हसतो, काटारा म्हणते चुकीचे केलेस, आणि भाग संपतो.

यालाच आमच्याकडे समरसता म्हणतात. समतेसाठी आधी अन्याय झाला हे मान्य करावे लागते, तो कोणी केला हे सांगावे लागते आणि भरपाईचे बोलावे लागते. समरसतेला यातले काही लागत नाही. आपण सारे एकाच आईची लेकरे, पूर्वी थोडा खेळ बिनसला होता, एवढी गोष्ट पुरते. वेई जिनच्या वीस वर्षांची दोन मिनिटे झाली, आणि झांगांनी टाळ्या वाजविल्या. चाहते या भागाला कंटाळवाणा म्हणतात, पण तो कंटाळवाणा का झाला याचे उत्तर इथे आहे. सत्य शोधण्याची जबाबदारी टाळली की कथेतला जीव जातो. ग्यात्सोचा सांगाडा ज्यांनी आठ भाग आधी दाखविला, तेच हे लेखक. त्यांच्याजवळ धाडस नव्हते असे नाही. या भागापुरते ते त्यांनी घरी ठेवले.

आता शेवट. चार भागांच्या समारोपात आंगपुढे पेच आहे. अग्निसम्राट ओझाई धूमकेतूच्या सामर्थ्याने पृथ्वीराज्य जाळून टाकणार आहे. सगळे म्हणतात, त्याला मारलाच पाहिजे. आंग म्हणतो, भिक्षूंनी मला प्रत्येक जीव पवित्र मानायला शिकविले, मी मारणार नाही. तो पूर्वीच्या अवतारांचा सल्ला घेतो. तिघे त्याला निर्णायक कृती करावयास सांगतात. चौथी, यांगचेन, त्याच्याच वायुभिक्षूंपैकी. तिच्याकडून त्याला आशा असते. पण तीही म्हणते की, तुझ्या आत्मिक शुद्धीपेक्षा जगाप्रती तुझे कर्तव्य मोठे आहे. इथपर्यंत हे लेखन उच्च दर्जाचे आहे.

हा पेच बौद्धांना नवा नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नेमका याच गाठीला हात घातला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, असा भेद त्यांनी मांडला. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात त्यांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवादही याच कारणासाठी दिला आहे : अपराध्याला शिक्षा देणे अहिंसेच्या विरोधात आहे काय, असा त्याचा प्रश्न होता, आणि तथागतांचे उत्तर ‘नाही’ असे होते. मालिकेने यांगचेनच्या तोंडून जवळजवळ हाच विचार मांडला. शिवाय ग्यात्सोचे ते चित्र होतेच. ज्या भिक्षूंच्या शिकवणुकीचा हवाला आंग देतो, त्यांच्यातला त्याचा स्वतःचा गुरू शत्रूच्या सैनिकांच्या सांगाड्यांमध्ये मेलेला आपण पाहिला आहे. एवढा पुरावा मिसलीत दाखल आहे. पण समारोपात त्याची कोणाला आठवणच होत नाही. एवढा मोलाचा साक्षीदार तपासल्याविनाच खटला बंद केला.

आणि मग येतो सिंहकासव. समुद्रात बेटाएवढे एक पुरातन कासव आंगला भेटते आणि न मारता माणसाची शक्ती काढून घेण्याची विद्या बहाल करते. मागे कुठेतरी त्याची पुसट खूण येऊन गेली आहे, पण कथेच्या मुख्य धाग्यात ते कधीच नव्हते. बरे, अंतिम लढाईत आंग हरू लागतो तेव्हा त्याचे बंद पडलेले अवतारसामर्थ्य कसे उघडते? दुसऱ्या खंडात गुरू पाथिक नावाचा एक साधू त्याला चक्रे उघडायला शिकवितो. (साऱ्या भारताच्या वाट्याला या मालिकेत आले ते एवढेच : उघडाबंब म्हातारा आणि त्याचा कांदा-केळ्याचा रस.) शेवटचे चक्र उघडायचे तर आसक्ती सोडावी लागेल, असे त्याने सांगितलेले असते. अझुलाच्या विजेच्या तडाख्याने ते बंद होते. म्हणजे आंगने काय सोडायचे, हा प्रश्न उभा आहे. उत्तर काय मिळते? ओझाई त्याला फेकतो, पाठीवरचा जुना व्रण एका टोकदार दगडावर आपटतो आणि सामर्थ्य उघडते! प्रश्न मनाचा, उत्तर दगडाचे.

आंगने ओझाईला ठार मारावयास हवे होते, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, निवड त्याची असावयास हवी होती. न मारण्याची किंमत त्याने मोजली असती, किंवा मारण्याची मोजली असती, तरी आम्ही मान डोलावली असती. लेखकांनी त्याला किंमतच मोजू दिली नाही. आणि पुढे? ओझाई कोठडीत, झुको गादीवर. खटला नाही, आरोपपत्र नाही, वायुभिक्षूंच्या संहाराबद्दल कोणाची चौकशी नाही. वाईट राजा गेला, चांगला राजा आला. वसाहतींचे काय करावयाचे, हा प्रश्न मालिकेने सोडलाच; तो २०१२ मध्ये ‘द प्रॉमिस’ या चित्रकथेत जीन लुएन यांग यांनी घेतला.

याहून गंभीर दोष दुसऱ्या मालिकेत आहे. ‘द लेजंड ऑफ कोरा’ २०१२ ते २०१४ या काळात आली, ५२ भागांची. सत्तर वर्षांनंतरचे यंत्रयुगातले शहर. आणि इथे लेखकांनी स्वतःहूनच तो प्रश्न विचारला, जो पहिल्या मालिकेत दडून होता : जन्मामुळे ज्यांना शक्ती मिळाली ते आणि ज्यांना मिळाली नाही ते, यांचे एकमेकांशी नाते काय? पहिल्याच भागात बेंडरांची टोळी एका दुकानदाराकडून खंडणी मागताना दिसते. पुढे तार्लोक हा पुढारी बिगर-बेंडरांवर संचारबंदी लादतो, त्यांच्या वस्तीची वीज तोडतो आणि विरोध करणाऱ्यांना पकडून नेतो. त्या अंधारात एक बाई कोराला हाक मारते : तू आमचीही अवतार आहेस ना! जन्माधिष्ठित विषमता यापेक्षा स्पष्टपणे कार्टूनमध्ये मांडलेली आम्हाला ठाऊक नाही.

या असंतोषाचा नेता अमॉन. बेंडरांनी आपले आईवडील मारले, चेहरा जाळला, असे सांगणारा मुखवटाधारी. तो बेंडरांची शक्ती काढून घेतो. बारा भागांच्या शेवटी कळते की, तो स्वतःच बेंडर आहे, व्रण रंगविलेला आहे, सारी कहाणी बनावट. पाण्यात रंग धुऊन जातो, अनुयायी पाहतात, चळवळ संपते. आणि त्या बाईचा प्रश्न? तोही त्या रंगाबरोबर धुऊन जातो. पुढच्या खंडात सहा महिन्यांनी एक बिगर-बेंडर राष्ट्राध्यक्ष निवडून आलेला दिसतो. तो कसा आला, कोणी झगडून आणला, याबद्दल मौन. फिर्यादी खोटे बोलला म्हणून गुन्हा घडलाच नाही, असे आमचा कायदा मानीत नाही. साक्ष त्याच्या एकट्याची नव्हती. संचारबंदी खरी होती, तोडलेली वीज खरी होती.

पहिल्या मालिकेत याच लेखकांनी जेटला किती नीट हाताळले होते! अनाथ झालेला हा तरुण अग्निराष्ट्राला धडा शिकविण्यासाठी सबंध गाव, निरपराध माणसांसकट, पाण्याखाली बुडवायला निघतो. मालिका त्याला थांबविते, त्याची पद्धत चूक ठरविते. पण त्याचे दुःख खोटे ठरवीत नाही, त्याला पुन्हा एक संधी देते. मार्गाला विरोध करूनही मागणी जिवंत ठेवता येते, हे त्यांना ठाऊक होते. परकीय साम्राज्याविरुद्धचा राग त्यांना समजला. घरातल्या जन्मभेदाविरुद्धचा राग आला की मात्र नेता ढोंगी निघाला. हे कोठे पाहिल्यासारखे वाटते ना?

चित्रपटांबद्दल थोडक्यात. २०१० साली एम. नाइट श्यामलन यांनी पहिल्या खंडावर चित्रपट काढला. त्यात आंग, काटारा, सोक्का या नायकांसाठी गोरी मुले निवडली आणि झुकोसाठी देव पटेल. काळ्यासावळ्या चेहऱ्यांची भरती झाली ती मुख्यत्वे अग्निराष्ट्रात. मूळ मालिकेत काटारा-सोक्का हे गव्हाळ वर्णाचे आहेत. अमेरिकेतल्या चाहत्यांनी त्याविरुद्ध रीतसर आंदोलन उभे केले. दिग्दर्शक माहे येथे जन्मलेला, आपल्याच वर्णाचा. पण वर्ण सारखा म्हणून नजर सारखी असतेच असे नाही. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने नवी आवृत्ती आणली. मूळ जनक २०२० मध्येच मतभेदामुळे तिच्यातून बाहेर पडले होते.

उन्हाळी शिबिरांत मुलांना काय दाखवावे, अशी विचारणा कार्यकर्त्यांकडून अधूनमधून होते. ही मालिका दाखवावी. ‘द हेडबँड’ दाखवून मुलांना त्यांची इतिहासाची पुस्तके उघडायला लावावीत. बा सिंग सेचे भाग सलग दाखवावेत. ‘द ग्रेट डिव्हाइड’ टाकाऊ म्हणून गाळू नये. तो आंगने कबुली देण्याच्या जागी थांबवावा, मुलांचे दोन गट करावेत, एकाने गान जिनांची बाजू मांडावी, दुसऱ्याने झांगांची, आणि तिघा मुलांना न्यायाधीश करून विचारावे की, वेई जिन वीस वर्षे कोठे होता, हे शोधण्यासाठी तुम्ही कोणाकोणाला साक्षीला बोलवाल.